रेडिएटर कॅप: बाटली काठोकाठ, रेडिएटर रिकामा आणि वरचा पाइप चपटा

खिडकीजवळची

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या विभागात पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, जुनी. रेडिएटरवर स्प्रिंगवाली कॅप आणि शेजारी पांढरी प्लास्टिकची बाटली, ही नेहमीची रचना. लांबचा फेरा मारून आलं की बाटलीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवायला फिरणारा द्रव) वरच्या खुणेच्याही वर गेलेलं असतं. गरम झालं की फुगणार, इतपत कळतं. पण रात्रभर गाडी थंड झाल्यावर ते परत खाली यायला हवं ना? ते तिथेच. आणि सकाळी बॉनेट उघडावं तर रेडिएटरचा वरचा जाड पाइप दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा. कॅप फिरवली की फुस्स होतं, पाइप पुन्हा गोल होतो, आणि आतली पातळी तोंडापासून चांगलीच खाली दिसते. बाटलीतलं जास्तीचं काढून रेडिएटरमध्ये ओतलं की हिशोब जुळतो. म्हणजे कूलंट कुठे जात नाहीये, नुसतं बाटलीत जाऊन बसतंय. जमिनीवर डाग नाही, तापमानाचा काटा मध्यावर.

गॅरेजवाल्यांचं म्हणणं, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल. उतरवायचं तर उतरवू, पण त्याआधी ही कॅप नेमकं करते काय ते समजून घ्यायचंय. हातात घेतली तर खाली मोठं रबर, वर स्प्रिंग, आणि रबराच्या मधोमध एक छोटी चकती. ती चकती कशाला असते?

पाना_१२१३

हेडला अजून हात लावू देऊ नका.

गाडी पूर्ण थंड असताना कॅप काढा आणि उलटी धरा. टोपणाच्या आतल्या बाजूला, सगळ्यात वर, एक पातळ चकती किंवा रबर दिसेल. ते रेडिएटरच्या तोंडाच्या बाहेरच्या काठावर बसतं. त्यानंतर स्प्रिंग. स्प्रिंगच्या टोकाला तुम्ही म्हणता ते मोठं रबर. ते तोंडाच्या आत थोडं खाली एक दुसरा काठ असतो, त्यावर दाबून बसतं. आता रेडिएटरच्या तोंडात डोकावा. या दोन काठांच्या मधे बाजूला एक बारीक नळी फुटलेली दिसेल. ती बाटलीकडे जाते. नळी दोन सीलच्या मधे आहे, हे नीट लक्षात ठेवा. सगळी गंमत त्यात आहे.

इंजिन तापलं, कूलंट फुगलं, आत दाब वाढला. दाब स्प्रिंगपेक्षा जास्त झाला की मोठं रबर उचललं जातं, थोडं कूलंट नळीतून बाटलीत जातं, रबर परत बसतं. वरच्या सीलमुळे ते बॉनेटमध्ये उडत नाही. गाडी थंड झाली की कूलंट आकसतं आणि रेडिएटरमध्ये ओढ तयार होते. मोठं रबर स्प्रिंगने दाबलेलं, ते ओढीने उघडत नाही. उघडते ती मधली छोटी चकती. ती आत खेचली जाते, आणि बाटलीतलं कूलंट त्याच नळीने परत येतं. बाटलीतल्या नळीचं टोक तळाशी बुडालेलं असतं, म्हणून हवा न येता कूलंटच येतं.

तुमच्याकडे जाणं चालू आहे, येणं बंद. मधली चकती नखात धरून हलकेच बाहेर ओढा. सहज यायला हवी आणि सोडली की बसायला हवी. काय होतं ते कळवा.

वाफाळ

पूर्ण सहमत. पानादादांनी 'कसं' सांगितलं, मी थोडं 'का' लिहितो. या कॅपबद्दल लोकांचा सर्वात मोठा गैरसमज म्हणजे ती गाडी थंड ठेवते. ती काही थंड करत नाही. उष्णता बाहेर टाकायचं काम रेडिएटरचं, फॅनचं आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याचं. कॅपचं काम कूलंटला उकळू न देणं, एवढंच.

समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. आतला दाब वातावरणापेक्षा ०.९ बारने (१ बार म्हणजे १०० किलोपास्कल, साधारण हवेच्या दाबाइतका) जास्त ठेवला तर ११८-११९ अंशांना, १.१ बारने जास्त ठेवला तर साधारण १२१-१२२ अंशांना. निम्मं पाणी, निम्मं इथिलीन ग्लायकोल (कूलंटमध्ये घालतात ते रसायन) असं मिश्रण उघड्यावरच १०७ च्या आसपास उकळतं, १ बारची कॅप लावली की १२९ च्या घरात जातं. इंजिन नेहमी ९० ते १०५ च्या दरम्यान चालतं. वरची ही सगळी जागा म्हणजे हातची शिल्लक.

ती कशाला लागते? काट्यावर ९५ दिसतं ते एका ठिकाणच्या कूलंटचं तापमान. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) आजूबाजूचा हेडचा धातू त्यापेक्षा खूप गरम असतो. तिथे धातूला चिकटून बुडबुडे धरायला लागतात. थोडे बुडबुडे चालतात, ते निघून जाताना उलट जास्त उष्णता नेतात. पण वाफेचा थर धातूवर धरून बसला की कूलंट धातूला शिवतच नाही आणि ती जागा भाजून निघते. दाब असला की हा थर सहजी धरत नाही.

दुसरा फायदा रेडिएटरचा. बाहेर ४० अंश असताना १०० अंशांचं कूलंट आणि हवा यांत ६० चा फरक. तेच कूलंट ११५ ला न उकळता राहू शकलं तर फरक ७५ चा, म्हणजे त्याच जाळीतून सव्वापट उष्णता जाते. म्हणून आजकालचे रेडिएटर लहान असून भागतं.

रिकामी_सीट

माहितीपूर्ण. म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी म्हणायची का?

वाफाळ

अर्धीच. कुकरमध्ये दाब वाफेचा असतो आणि शिट्टी फक्त बाहेर सोडते. इथे दाब मुख्यतः कूलंटच्या फुगण्याचा. पाणी २० अंशांवरून ९० वर गेलं की साडेतीन टक्के फुगतं, ग्लायकोलचं मिश्रण त्याहून जास्त. सहा लिटरच्या सिस्टिममध्ये पाव लिटरच्या आसपास जास्तीचं होतं. रेडिएटर काठोकाठ भरलेला, मग ते जाणार कुठे? पाइप थोडे फुगतात, दाब चढतो आणि कॅप उघडते. कुठेही काही उकळत नसताना, धडधाकट गाडीत हे होतं. म्हणून गरम गाडीच्या बाटलीत पातळी वाढलेली दिसली की लगेच 'गाडीने पाणी फेकलं' म्हणू नये.

आणि कॅप आतही घेते. खरं सांगायचं तर हा येण्याचा रस्ताच जास्त वेळा बिघडतो.

गरमडोकं

एवढा अभ्यास कशाला, जास्त दाबाची कॅप टाका, विषय संपला. ०.९ असेल तर १.३ टाका. बाटलीत जाणारच नाही, मग परत यायचा प्रश्नच नाही.

पाना_१२१३

@गरमडोकं, कॅप ही त्या सिस्टिममधली मुद्दाम ठेवलेली सगळ्यात कमजोर जागा आहे. ती आवळली की दुसरी कुठली तरी जागा कमजोर ठरणार. रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीला अॅल्युमिनियमचे दात वळवून बसवलेलं असतं, ती घडी. हीटरची जाळी, जी डॅशबोर्डच्या आत असते आणि फुटली की गालिचा ओला. वॉटर पंपाचं सील. पाइपाचा क्लिप. जुन्या गाडीत यातलं काय आधी सुटेल ते सांगता येत नाही.

जोर किती असतो तोही बघा. कॅपवर १.१ लिहिलेलं असतं, ते बहुतेक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. त्याच कॅपवर कधी १०८ किलोपास्कल लिहितात, ०.९ वाल्यावर ८८. तोंडाच्या आतला काठ ३ सेंटिमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटर, म्हणजे कॅपची स्प्रिंग जवळपास आठ किलोंचा जोर पेलून धरते. हा एवढ्याशा तोंडावरचा जोर. टाकीच्या अख्ख्या बाजूवर किती येत असेल त्याचा हिशोब तुम्हीच करा.

गाडीसोबत आलेल्या पुस्तकात जो आकडा आहे तीच कॅप. ना वर, ना खाली.

गरमडोकं

शर्यतीच्या गाड्यांत टाकतात की जास्तीची.

पाना_१२१३

टाकतात. त्यांचे रेडिएटर, पाइप, जोड सगळं त्या हिशोबाने केलेलं असतं, आणि ते लोक प्रत्येक फेरीनंतर गाडी उघडतात. आपण बॉनेट कधी उघडतो, तर आतून आवाज आला की.

सावकाश_चला

मला उंचीबद्दल विचारायचं होतं. घाटात, डोंगरावर गाड्या जास्त तापतात ते चढामुळे की हवेमुळे? आणि कॅप तिथेही तेवढाच दाब धरते का?

वाफाळ

छान प्रश्न. कॅपच्या एका बाजूला कूलंट, दुसऱ्या बाजूला नळीमार्गे बाहेरची हवा. त्यामुळे ती नेहमी आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरकच धरते. ३५०० मीटरवर हवेचा दाब साधारण ६५ किलोपास्कल असतो, पाणी उघड्यावर ८८ अंशांनाच उकळतं. ०.९ बारची कॅप त्यावर आपले ९० जोडणार, एकूण १५५. त्या दाबाला पाणी ११२ अंशांना उकळतं. समुद्रसपाटीला हाच आकडा ११९ होता. म्हणजे कॅप ठणठणीत असूनही हातची शिल्लक सात अंशांनी कमी झाली. त्यात विरळ हवा जाळीतून उष्णताही कमी उचलते, आणि चढावर इंजिन जोरात, गाडीचा वेग मात्र कमी. तिन्ही एकदम.

आता त्याच गाडीची कॅप मरगळलेली असेल, दाब धरतच नसेल, तर ८८ अंशांना साधं पाणी उकळायला लागेल. थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणारी झडप) पूर्ण उघडायच्या आधीच. सपाटीवर वर्षानुवर्षं न कळलेली कॅप डोंगरावर उघडी पडते ती अशी. निदान ग्लायकोलचं मिश्रण तरी भरलेलं असावं.

खिडकीजवळची

सगळ्यांचे आभार, वाचताना मजा येतेय.

पानादादा, चकती बघितली. नखाने ओढली की सहज येते, सोडली की टक् करून बसते. रबरही मऊ आहे, चिरा नाहीत. काठावर कुठे खार धरलेला नाही. मग गॅस्केटच का?

पाना_१२१३

नाही. उलट तुमची गाडी ओरडून सांगतेय की गॅस्केट नाही.

गॅस्केट कूलंटच्या बाजूला फुटलं की सिलिंडरमधला जळलेला वायू कूलंटमध्ये घुसतो. त्या दाबापुढे कॅपची स्प्रिंग काहीच नाही. अशा गाडीत काय दिसतं? सकाळी थंड गाडी चालू केली की मिनिटभरातच, कूलंट अजून कोमट व्हायच्या आत, वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. बाटलीत नळीच्या टोकातून बुडबुडे येत राहतात, थांबत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी थंड कॅप उघडली तर हवा बाहेर येते, कारण आत घुसलेला वायू कुठे आकसून नाहीसा होत नाही.

तुमचा पाइप सकाळी चपटा असतो. आत ओढ आहे. ओढ रात्रभर टिकायची तर सिस्टिम सगळीकडून हवाबंद हवी. कुठे भोक असतं तर तिथून हवा आत गेली असती आणि पाइप गोल राहिला असता. फुस्स आवाज येतो तोसुद्धा हवा आत जाण्याचा. उद्या कॅप फिरवताना तोंडाशी कागदाचा कपटा धरून बघा, तो आत ओढला जाईल.

तरी खात्री हवी असेल तर हेड उतरवण्याआधी रसायनाची चाचणी करायला सांगा. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावतात, गरम इंजिनवर आतली हवा त्यातून ओढतात. जळलेला वायू असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा रंग पिवळा होतो. थोड्या वेळाचं काम आहे. ही चाचणी न करता थेट हेड उतरवू म्हणणाऱ्याला मी तरी गाडी देणार नाही.

चकती चांगली, तर आता नळी. कॅपपासून बाटलीपर्यंतची पूर्ण नळी काढा. कुठे मुरडलीय का, बाटलीच्या क्लिपखाली दबलीय का. आणि तोंडाने ओढून बघू नका.

नीलमोहोर

शेवटच्या ओळीला दहा वेळा +१. इथिलीन ग्लायकोल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, म्हणून जास्त धोकादायक. कुत्री-मांजरी सांडलेलं चाटतात. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. बाटलीतून काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवून देऊ नका, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर अजिबात नको.

पाना_१२१३

बरोबर. मोठी सिरिंज वापरा, सुई नसलेली.

जुनं_डिझेल

चकतीवरून आठवलं, पानादादांनी वर 'सोडली की बसायला हवी' लिहिलंय ते सगळ्या कॅपना लागू नाही. काही कॅपमध्ये मधल्या चकतीला स्प्रिंगच नसते. ती खाली लोंबकळत असते, हलवली की खुळखुळते. लोक म्हणतात तुटली. तुटलेली नसते. थंड असताना ती उघडीच राहते, आणि कूलंट जोरात बाहेर निघायला लागलं की त्या प्रवाहाने उचलली जाऊन बंद होते. चांगल्या कॅप अशाच फेकून दिलेल्या बघितल्यात.

पाना_१२१३

बरोबर, तो प्रकार राहिला होता. तिथे चकती मोकळी हलते का एवढंच बघायचं, खाराने जाम झालेली नको.

गरमडोकं

बरं, माझं वेगळं निरीक्षण. माझी गाडी चालताना काटा ठीक, आणि बंद करून उभी केली की दोन मिनिटांनी बाटलीत खळखळ. हे काय?

वाफाळ

इंजिन बंद झालं की वॉटर पंप थांबतो, कूलंट जागेवर उभं राहतं. पण हेडचा धातू तापलेलाच असतो, तो आपली उष्णता त्या उभ्या कूलंटला देत राहतो. बंद केल्यावर थोडा वेळ आतलं तापमान उलट वाढतं. कॅप दाब धरत असेल तर हे पचतं. धरत नसेल तर हेडभोवतीचं कूलंट उकळतं, वाफ ते बाटलीकडे ढकलते आणि तुम्हाला खळखळ ऐकू येते. तुमच्याकडे पहिला संशय कॅपवर. १.३ ची नको, ०.९ चीच, पण नवी. हलके घ्या.

काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. तापमान बऱ्यापैकी वर-खाली झालं तरी मध्यावरच राहतो. शिवाय सेन्सरपाशी कूलंटच नसेल, नुसती हवा-वाफ असेल, तर तो कमीच दाखवतो.

रिकामी_सीट

खळखळ ऐकून मी एकदा फडकं टाकून कॅप उघडायला निघाले होते, शेजारच्यांनी हात धरला. फडकं टाकून, हळूहळू उघडली तर चालतं ना?

वाफाळ

नाही. का ते आकड्यांत सांगतो.

आत ११५ अंशांचं पाणी आहे, दाबामुळे द्रवरूपात. कॅप उघडली की दाब एकदम वातावरणाइतका होतो, आणि त्या दाबाला पाणी १०० च्या वर द्रव राहू शकत नाही. वरचे १५ अंश लगेच वाफ होण्यात खर्च होतात. एक लिटर पाण्यामागे जेमतेम २८ ग्रॅम वाफ होते. ऐकायला काहीच नाही. पण तेवढी वाफ ४५ लिटरहून जास्त जागा घेते. सिस्टिममध्ये पाच-सहा लिटर कूलंट. ही वाफ फक्त वरून निघत नाही, सगळीकडे आतल्या आत फुटते आणि उरलेलं उकळतं कूलंट पुढे ढकलत तोंडातून बाहेर फेकते. तोंडासमोर आपला चेहरा. फडकं भिजून हाताला चिकटतं, ते वेगळंच.

कॅपला दोन टप्पे असतात. पाव फेरा फिरवली की अडते, तिथे मोठं रबर उचललेलं असतं पण टोपण तोंडात अडकलेलंच असतं, म्हणजे दाब नळीने निघून जावा. मग दाबून पुढे फिरवायची. हा टप्पा म्हणजे थंड गाडीत उरलासुरला दाब सोडायची सोय आहे. गरम गाडी उघडायचा परवाना नाही. वरचा पाइप हाताने दाबून बघा. कडक असेल तर लांब राहा. मऊ आणि हाताला सोसवेल इतका कोमट असेल तरच कॅपला हात.

खिडकीजवळची

सापडलं!

नळी काढली. मुरडलेली नव्हती, क्लिपखालीही दबलेली नव्हती. सिरिंजने पाणी ढकललं तर सुरळीत गेलं. म्हटलं ही पण चांगली निघाली. मग पाण्याची बाजू तशीच ठेवून दांडा मागे ओढला, आणि नळी वळणापाशी डोळ्यादेखत चपटी झाली. सिरिंज पुढे हलेचना. दांडा सोडला की पुन्हा गोल. त्या वळणापाशी रबर इतकं मऊ पडलंय की दोन बोटांत धरलं तर आतल्या बाजू एकमेकींना चिकटतात. बाकीची नळी बऱ्यापैकी कडक.

म्हणजे जाताना दाबाने उघडते आणि येताना ओढीने मिटते?

पाना_१२१३

अगदी तेच. नळीच एका दिशेची झडप झाली होती. जुनं रबर तेलाने, उष्णतेने असं फुगून मऊ पडतं. डोळ्यांना काही दिसत नाही, फुंकून बघणाऱ्याला तर नळी चांगलीच वाटणार. ओढून बघितल्याशिवाय हा दोष सापडत नाही.

नवी नळी त्याच आतल्या व्यासाची, पण भिंत जाड असलेली घ्या. साधी पारदर्शक प्लास्टिकची नको, ती गरम कूलंटने मऊ पडते आणि हेच पुन्हा होतं. बाटलीतलं टोक तळापासून किंचित वर, पण कायम बुडालेलं राहील असं बसवा. रेडिएटर तोंडापर्यंत भरा, बाटली खालच्या खुणेच्या थोडी वर. एक-दोनदा गरम-थंड झाली की अडकलेली हवा निघते आणि पातळी थोडी उतरते, तेव्हा घाबरू नका, बाटलीत भर घाला.

आणि तो चपटा होणारा वरचा पाइप एकदा वाकवून बघा. रोज रोज असा दुमडला की आतून भेगा पडतात. आतला थर सुटला असेल तर बदला.

जुनं_डिझेल

जाता जाता: वरच्या टाकीवर कॅप असलेले जुने उभ्या नळ्यांचे रेडिएटर आणि आडव्या नळ्यांचे रेडिएटर यांत एक फरक आहे. उभ्यामध्ये इंजिनकडून आलेलं कूलंट आधी वरच्या टाकीत येतं, म्हणजे कॅपवर पंपाचा दाबही पडतो. इंजिन जोरात फिरवलं की कॅपला आपल्या हिश्श्यापेक्षा जास्त सोसावं लागतं, आणि कधी उगाच उघडते. आडव्यामध्ये कॅप बहुधा पंपाच्या ओढीच्या बाजूच्या टाकीवर ठेवतात, तिथे हा त्रास नाही. शिवाय पंपाच्या ओढीच्या तोंडाशी दाब सगळ्यात कमी असल्याने तिथे गरम कूलंटचे बुडबुडे होऊ शकतात. बुडबुडे झाले की पंप नुसता घुसळत बसतो. सिस्टिममध्ये दाब असला की तेही टळतं. मरगळलेल्या कॅपने पंपाची पाती खाल्ली जातात ती अशी.

सावकाश_चला

आमच्या गाडीच्या रेडिएटरला कॅपच नाही. वर एक गोल जाडजूड टाकी आहे, तिला आटे असलेलं झाकण. मग हा सगळा प्रकार आम्हाला लागू नाही का?

वाफाळ

लागू आहे, फक्त जागा बदलली. तुमची ती टाकी म्हणजे बाटली नव्हे, ती सिस्टिमचाच भाग आहे आणि तिच्यातही पूर्ण दाब असतो. म्हणून जाड. आत वर मुद्दाम हवा ठेवलेली असते. कूलंट फुगलं की ती हवा दाबली जाते, आकसलं की पसरते, त्यामुळे रोज काही बाहेर जायची गरज पडत नाही. झाकणात तेच दोन व्हॉल्व्ह असतात. जास्त झालं तर बाहेर सोडायला, ओढ आली तर बाहेरची हवा आत घ्यायला. दाबाचे आकडे बहुधा जास्त, १.४-१.५ बारही दिसतात.

दोन गोष्टी तुमच्यासाठी. ती टाकी वरपर्यंत भरायची नाही, खुणेपर्यंतच. हवेची जागा भरून टाकली तर फुगलेलं कूलंट झाकणातून बाहेर येणार, आणि तुम्हाला वाटणार झाकण खराब. आणि पांढऱ्या बाटलीचं झाकण गरम असताना उघडलं तरी काही होत नाही, ही टाकी दिसायला तशीच वाटली तरी तिचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

खिडकीजवळची

नवी नळी बसवली. रात्री बाटली वरच्या खुणेजवळ होती, सकाळी खालच्या खुणेच्या किंचित वर. पाइप गोल. कॅप उघडली तर रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला. रसायनाची चाचणीही करून घेतली, निळं ते निळंच राहिलं. हेड जागच्या जागी.

शेवटचा प्रश्न: कॅपही जुनीच आहे, ती बदलू का? आणि घेताना आकड्याशिवाय काय बघायचं?

पाना_१२१३

हातपंपावर तपासून घ्या, गॅरेजमध्ये असतो. अडॅप्टर लावून कॅप पंपावर बसवायची, दाब द्यायचा. लिहिलेल्या आकड्याच्या आसपास सुटायला हवी आणि त्याच्या थोडं खाली काटा स्थिर राहायला हवा. हळूहळू उतरत असेल तर रबर किंवा स्प्रिंग गेली. तपासायची सोय नसेल तर सरळ नवी घ्या, गाडीतल्या स्वस्त भागांपैकी आहे.

घेताना जुनी सोबत न्या आणि दोन्ही उलट्या करून शेजारी ठेवा. टोपणाच्या काठापासून मोठ्या रबरापर्यंतची खोली जुळली पाहिजे. आकडा तोच, टोपण तेच, पण खोली वेगळी अशा कॅप मिळतात. उथळ कॅप खोल तोंडावर लावली तर बाहेरून घट्ट बसते आणि आत रबर काठाला टेकतच नाही किंवा स्प्रिंग पुरती दबत नाही. दाब शून्य, आणि कॅप नवी म्हणून कोणी तिच्यावर संशय घेत नाही. रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, ते रबर खनिज तेलाने फुगतं. लावायचंच तर बोटाने थोडं कूलंट फिरवा. आणि बसवण्याआधी रेडिएटरच्या तोंडातला आतला काठ फडक्याने पुसून बोट फिरवून बघा. तिथे खाराचा खडबडीतपणा किंवा खाच लागली तर नवी कॅपही गळणार.